वेरूळच्या सावल्या कुठे गेल्या?

वैजापूरहून शाळेची सहल निघाली की ती बहुधा वेरूळ-दौलताबादला जाते. तेथील एका शिक्षकमित्राने १९८६ सालच्या अशाच एका सहलीची तीन रंगीत छायाचित्रे संगणकावर 'सुधारून' आम्हाला पाठवली. इतिहासाच्या वर्गात ती लावायची आहेत. सुधारणेची ही पद्धत हाय डायनॅमिक रेंज किंवा एचडीआर या नावाने ओळखली जाते. चित्रे पाहताक्षणी डोळ्यांत भरतात. तरीही भिंतीवर लावण्यापूर्वी ती तपासून पाहावीत, असे आम्हाला वाटते.

मूळ अडचण खरी आहे. कैलास लेण्यात उन्हातला कडा सावलीतल्या चौथऱ्यापेक्षा शेकडो पटींनी तेजस्वी असू शकतो. छायाचित्राच्या कागदावर मात्र सर्वांत पांढऱ्या आणि सर्वांत काळ्या भागांत जेमतेम शंभर पटींचा फरक मावतो. मग कडा पांढराफटक होतो किंवा चौथरा काळाकुट्ट. यावरचा उपाय जुना आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्र आणि आकाश यांसाठी दोन वेगळ्या निगेटिव्ह वापरून एक चित्र छापले होते. १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी कमी-जास्त प्रकाश घेऊन टिपलेल्या अनेक चित्रांवरून दृश्यातील तेज मोजण्याची गणिती रीत मांडली. हे मोजलेले तेज मग कागदावर मावेल असे दाबून बसवतात.

मित्राजवळ मात्र प्रत्येक दृश्याचा एकच छापील फोटो होता. संगणकाने त्याच्याच फिकट आणि गडद प्रती करून त्या एकत्र जोडल्या. एकाच साक्षीदाराला तीनदा विचारले म्हणून तीन साक्षी होत नाहीत!

परिणाम पाहा. कैलासच्या चित्रातील तांबूस झाक गेली, हे चांगलेच झाले. जुन्या फोटोंतील रंगद्रव्ये सारख्या वेगाने फिकी होत नाहीत, त्यामुळे ती आली होती. पण चौथऱ्यावरील हत्तींच्या जागी खरखरीत ठिपके उमटले आहेत. कागदावरचे कण आणि धूळच तेथे ठळक झाली. दौलताबादच्या चांदमिनाराभोवती पांढरे वलय दिसते. ते आकाशात नव्हते. प्रत्येक भागाचे तेज शेजारच्या भागाशी तुलना करून बदलले, की गडद कडेलगत असे वलय येते.

सर्वांत मोठे नुकसान दहाव्या लेण्याच्या चित्राचे झाले आहे. हे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. दर्शनी भागातील गवाक्षातून दुपारनंतरचा प्रकाश आत येतो, आणि अंधारातून स्तूपापुढील बुद्धमूर्ती उजळते. नव्या चित्रात छताच्या फासळ्या, खांब, मूर्ती सारे सारखेच उजळले आहे. प्रकाश कुठून येतो, वेळ कोणती, हे आता सांगता येत नाही. विद्यार्थी याला पुरावा मानणार, म्हणून ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही.

आमच्या सूचनेवरून मित्राने अल्बमच्या खिशातल्या निगेटिव्ह शोधून स्कॅन केल्या. रंगीत निगेटिव्हमध्ये छापील फोटोपेक्षा कितीतरी अधिक तपशील साठलेला असतो. कैलासच्या सावलीत हत्तींचे पाय आणि सोंडा दिसू लागल्या, आणि त्याही कोणतीही जोडाजोड न करता. मूळ फोटो जपावा आणि नव्या प्रतीखाली काय बदलले ते लिहावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. दिवे बंद करून उघड्या खिडकीची तीन छायाचित्रे कमी, मध्यम आणि अधिक प्रकाश घेऊन काढा. मोबाईल वापरणार असाल तर त्यातील एचडीआर आधी बंद करा. ती तिन्ही जोडून एक चित्र तयार करा. दुसरे चित्र केवळ मधल्या छायाचित्रावरून करा. खिडकीबाहेरचे झाड आणि कोपऱ्यातले दप्तर दोन्ही चित्रांत शोधायला सांगा. बाकीचा पाठ मुले स्वतःच सांगतील.