‘सगळं जनुकात लिहिलेलं असतं’ : एका वाक्याची तपासणी

आज आम्ही एका वाक्यावर टीका करणार आहोत. वाक्य असं : ‘सगळं जनुकात लिहिलेलं असतं.’ हे वाक्य वर्तमानपत्रात येतं, दवाखान्यात ऐकू येतं, हल्ली लग्नाच्या बोलण्यातही डोकावतं. पूर्वी पाचव्या रात्री सटवाई यायची आणि बाळाच्या कपाळावर लिहून जायची. आता तेच काम आपण जनुकांकडे सोपवलंय. आमची तक्रार जनुकशास्त्राबद्दल नाही, ‘लिहिलेलं’ या शब्दाबद्दल आहे. ती तपासण्यासाठी आम्ही एक साक्षीदार बोलावणार आहोत : सी अर्चिन, समुद्राच्या तळाशी राहणारा काटेरी गोळा.

हाच प्राणी का? तर त्याची अंडी लाखांनी मिळतात, बऱ्याच जातींत ती पारदर्शक असतात, आणि फलन शरीराबाहेर, पाण्यात होतं. म्हणजे काचेच्या बशीत सगळा व्यवहार डोळ्यांसमोर. 1876 साली ऑस्कर हेर्टविग यांनी शुक्रपेशी आणि अंडपेशी यांची केंद्रकं एकत्र येताना पाहिली, ती याच प्राण्यात.

आता वाद समजून घेऊ. आपल्याकडे सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच. तिळात तेल असतं म्हणून निघतं, वाळूतून निघत नाही. हा सत्कार्यवाद. नैयायिक म्हणतात, घडा मातीत आधी नव्हता, तो नव्याने उत्पन्न झाला. युरोपात गर्भाबद्दल अगदी असाच वाद चालला होता : गर्भ अंड्यात आधीच तयार असतो, की टप्प्याटप्प्याने घडतो?

1891 मध्ये हान्स ड्रीश यांनी सी अर्चिनच्या गर्भाच्या पहिल्या दोन पेशी हलवून वेगळ्या केल्या. अपेक्षा अशी की प्रत्येकीपासून अर्धा प्राणी होईल. झाली ती पूर्ण अळी, फक्त आकाराने लहान. ड्रीश पुढे म्हणू लागले की यामागे ‘एन्टेलेकी’ नावाचं जैव तत्त्व आहे. आणि ते जीवशास्त्र सोडून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. आमच्याच व्यवसायात आले, तरी आम्ही त्यांची बाजू घेणार नाही. न कळलेल्या गोष्टीला भारदस्त नाव दिलं म्हणजे ती कळली असं होत नाही. 1902 मध्ये थिओडोर बोव्हेरी यांनी एकाच अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या तर काय होतं ते तपासलं. गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि गर्भ वेडावाकडा वाढतो. म्हणजे केंद्रकातला ऐवज मोलाचा आहे, हे निर्विवाद.

पण मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 1944 मध्ये श्रोडिंगर यांनी मांडलं की गुणसूत्रं हा आराखडा आहे आणि तो प्रत्यक्षात उतरवणारा कारागीरही तीच आहेत. 1961 मध्ये ‘प्रोग्राम’ हा शब्द जीवशास्त्रात आला आणि तो आजतागायत हललेला नाही. आमचा आक्षेप इथे आहे. एन्टेलेकीने जे केलं तेच ‘प्रोग्राम’ करतो : प्रश्न थांबवतो.

आता हिस्टोनकडे येऊ. हिस्टोन म्हणजे डीएनएचा धागा ज्या रिळांवर गुंडाळला जातो ती प्रथिनं. एका रिळात आठ रेणू, त्याभोवती डीएनएची 147 अक्षरं. कॅलिफोर्नियाच्या जांभळ्या सी अर्चिनचा जनुकसंच 2006 मध्ये वाचला गेला. तो सुमारे 80 कोटी अक्षरांचा आहे. ढोबळ हिशेब करा. दर 200 अक्षरांमागे एक रीळ धरलं, तर दुहेरी संचाला 80 लाख रिळं लागतात. प्रत्येकात एच-4 जातीचे दोन रेणू, म्हणजे पेशी दुभंगताना दर वेळी एच-4 चे दीड कोटींहून जास्त नवे रेणू हवेत. आणि सुरुवातीचा गर्भ तर भराभर दुभंगत असतो. हे भागायचं कसं?

1971 मध्ये केड्स आणि बर्नस्टील यांनी दाखवलं की सी अर्चिनमध्ये हिस्टोनची जनुकं एकेकटी नसतात. पाच जातींची पाच जनुकं एका गटात, आणि असे काहीशे गट एकामागून एक, माळेत ओवल्यासारखे. आता विचार करा. एच-4 हे प्रथिन वाटाण्यात आणि गाईच्या वासरात जवळजवळ सारखं आहे. 102 दुव्यांपैकी फक्त दोन वेगळे. मजकूर बदलतच नाही म्हटलं तरी चालेल. मग त्याच्या काहीशे प्रती कशाला? इथे अर्थाचा प्रश्नच नाही, प्रश्न पुरवठ्याचा आहे. एकच वाक्य शंभर वेळा लिहिल्याने पुस्तकात ज्ञान वाढत नाही. पण स्वयंपाकघरात शंभर चुली असल्या तर पंगत वेळेवर उठते.

पुढचा पुरावा जास्त बोलका आहे. 1960 च्या दशकात पॉल ग्रॉस यांनी नवा आरएनए बनणं औषधाने थांबवलं. तरीही अंडं फलनानंतर दुभंगत राहिलं आणि प्रथिनं बनवत राहिलं. म्हणजे आईने अंड्यात संदेशवाहक आरएनए आधीच भरून ठेवला होता. 1973 मध्ये फलन न झालेल्या अंड्यात हिस्टोनचे संदेश सापडले. मग 1982-83 मध्ये राफ आणि अँजरर यांच्या गटांनी ते नेमके कुठे आहेत ते शोधलं. गर्भाच्या सुरुवातीच्या काळात लागणाऱ्या हिस्टोनचे बहुतेक साठवलेले संदेश अंड्याच्या केंद्रकातच अडकून असतात. प्रथिनं बनवणारी यंत्रणा बाहेर, पेशीद्रवात. पहिल्या विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं, तेव्हा कुठे हे संदेश बाहेर येतात आणि कामाला लागतात.

मंडळी, इथे क्षणभर थांबा. संदेश आहे, पूर्ण आहे, शाबूत आहे. तरी त्याचा काही उपयोग होत नाही. कारण तो चुकीच्या जागी आहे. त्याला मोकळं करणारी गोष्ट दुसरा एखादा संदेश वाटत नाही, ती एका पडद्याचं विरघळणं आहे. ‘लिहिलेलं’ या शब्दात हे बसवून दाखवा.

आणखी एक. गर्भ पोकळ चेंडूसारखा झाल्यानंतर ती काहीशे जनुकं गप्प होतात. त्यांची जागा ‘उशिराची’ हिस्टोन जनुकं घेतात, आणि ती अगदी थोडी आहेत. आधीची जनुकं कुठे जात नाहीत; प्रत्येक पेशीत तशीच असतात. मजकूर तोच, फक्त त्याचा काळ संपलेला.

यावर एक रास्त आक्षेप येईल : ‘पण हे साठवणं, हे गप्प होणं, हेही शेवटी जनुकांमुळेच ना?’ अंशतः हो. सी अर्चिनच्या अंड्यातून तारामासा निघत नाही. तिळाचा दृष्टांत तेवढा खरा आहे. पण आईची जनुकं आईच्या अंडाशयात, एका जिवंत पेशीत काम करत होती. ती पेशी आधीच्या पेशीपासून आली होती. नुसता डीएनए परीक्षानळीत ठेवला तर तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहील. म्हणजे तेल तिळात आहे हे मान्य. घाणा तिळात नाही.

हे सगळं आज का सांगायचं? कारण ‘लिहिलेलं आहे’ असं ऐकलं की माणूस हात जोडतो आणि विचारणं बंद करतो. उद्या कोणी तपासणीचा कागद पुढे करून ‘तुमच्या जनुकात हे आहे’ म्हणालं, तर घाबरण्याआधी विचारा : ते वापरात आहे का? कुठल्या पेशीत? किती प्रमाणात? कोणत्या वयात? काही आजारांत उत्तर खरोखरच कठोर असतं, आणि ते ऐकून घ्यावं लागतं. पण पुष्कळदा उत्तर ‘अवलंबून आहे’ असं असतं, आणि कशावर अवलंबून आहे तिथूनच खरी चौकशी सुरू होते. कपाळावरच्या लेखाला हे प्रश्न विचारायची सोय नव्हती. जनुकांना ते विचारता येतात. सी अर्चिनवर काम करणाऱ्यांनी शंभर वर्षं तेच केलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.