निनांवी खेळांचें परीक्षण

ज्या पानांवर काव्य, नाटक आणि कादंबरी यांची चर्चा व्हावयाची, तेथें आम्ही मुलांच्या व्हिडिओ गेमचें परीक्षण करूं लागलों हें पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्या आठ्यांशीं आमचा जुना परिचय आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं त्या आमच्याच कपाळावर होत्या. वसईच्या आमच्या घरीं चिरंजिवांसाठीं त्यांच्या मामांनीं तें यंत्र आणलें, तेव्हां ‘पोरखेळ आणि वेळेचा नाश’ असा निकाल आम्हीं एकहि खेळ न पाहतां देऊन टाकला. पुस्तक न उघडतां अभिप्राय लिहिणाऱ्या टीकाकाराला आम्ही वर्गांत नेहमीं नांवें ठेवीत आलों. तेंच पाप आमच्या हातून घरांत घडलें. गेल्या मे महिन्यांत माळा साफ करतांना यंत्र सांपडलें. कांचेच्या नळीचा जुना टीव्हीहि, सुदैवानें, कोणीं भंगारवाल्यास दिलेला नव्हता. पंधरा दिवस आम्हीं रीतसर खेळून पाहिलें, आणि आतां तो निकाल फिरवणें भाग आहे. सर्वस्वीं नव्हे, पण बराचसा.

प्रथम यंत्राचें कुळ सांगितलें पाहिजे. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचें; ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या नांवानें तें १५ जुलै १९८३ रोजीं बाजारांत आलें. त्याचे रचनाकार मासायुकी उएमुरा २०२१ सालीं वारले. ही कंपनी १८८९ मध्यें क्योतो शहरीं पत्ते करण्यासाठीं निघाली होती, आणि असले पत्ते जपानांत नेले पोर्तुगीज दर्यावर्दींनीं. पत्त्यांस जपानी भाषेंत असलेला ‘कारुता’ हा शब्द मूळचा पोर्तुगीजच. तेच पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत आमच्या वसईचे धनी होते, आणि वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर गेले. तेव्हां हा पाहुणा अगदींच अनोळखी घरीं आला असें म्हणतां येत नाहीं.

आमच्याकडे आलें तें मात्र अस्सल यंत्र नव्हे. तें ‘मीडिया’ नांवाची नक्कल होतें, आणि त्याच्या कॅसेटवर ९९९९९९९ खेळ असल्याची ग्वाही छापलेली होती. आम्हीं मोजून पाहिलें. तेच मोजके खेळ निरनिराळ्या क्रमांकांखालीं पुनः पुनः येतात! यादी वाढविण्याची ही युक्ति आमच्या कांहीं प्रकाशकांस अपरिचित नसावी.

या खेळांतील पहिला मान निःसंशय ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा (१९८५). नाटकाच्या आरंभीं सूत्रधार येऊन कथानकाची ओळख करून देतो. शिगेरू मियामोतो यांच्या या रचनेंत सूत्रधार नाहीं. येथें रंगभूमीच सूत्रधाराचें काम करते. नायक पडद्याच्या डाव्या अंगाला उभा, उजवीकडे सारें मोकळें. जावयाचें कोणीकडे हें न सांगतां कळतें. समोरून एक त्रासिक चेहऱ्याचा प्राणी चालत येतो. त्याला टाळलें नाहीं तर मरण. पुढें ठोकळ्याला डोकें लागतें, आंतून अळंबें निघतें, उजवीकडे सरकून नळावर आपटतें आणि उलट फिरून आपल्याकडेच येतें. भिऊन पळूं गेलें तरी बहुधा तें गांठतेंच, आणि नायक एकदम मोठा होतो. काय टाळावें व काय घ्यावें, हे दोन्ही पाठ अर्ध्या मिनिटांत, एक अक्षर न बोलतां! इतकीं वर्षें वर्गांत बोलत राहिलेल्या मनुष्याला याचा थोडा मत्सर वाटला, हें कबूल करतों.

हें सारें किती तुटपुंज्या साधनांत साधलें आहे तें पाहावें. यंत्राची कामाची स्मृति दोन किलोबाइट, म्हणजे सुमारें दोन हजार इंग्रजी अक्षरांची. संबंध खेळ चाळीस किलोबाइटांत बसविलेला. म्हणून आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप यांची आकृति एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. आम्हांला हें कळलें तेव्हां मोठा आनंद झाला. वृत्ताच्या बंधनांत शब्द वांचवणाऱ्या कवीचें तें काटकसरीचें सुख येथें आहे. कोजी कोंदो यांचें संगीतहि असेंच थोडक्यांतलें. वेळ शंभरावर आली कीं चाल द्रुत लयींत जाते आणि खेळणाऱ्याचा श्वासहि तिच्यामागें धांवतो. दोष दोन. राजकन्या दुसऱ्याच गढींत असल्याचें नायकाला सात वेळां ऐकावें लागतें. कादंबरीकारानें हें केलें असतें तर आम्हीं पुस्तक मिटलें असतें. शिवाय खेळ मध्येंच राखून ठेवण्याची सोय नाहीं. विजेच्या भारनियमनाच्या काळांत वसई-विरारच्या किती मुलांचे पराक्रम एका क्षणांत मावळले असतील!

‘कॉन्ट्रा’विषयीं आमचें मत इतकें अनुकूल नाहीं. दोन शिपाई, अखंड गोळीबार, कथानक नांवाला. पण त्यांतला धबधब्याचा तिसरा टप्पा विसरतां येत नाहीं. दोघांनीं मिळून वर चढावयाचें असतें. एकानें घाई केली तर पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागें राहिलेला सोबती खालच्या कडेखालीं जाऊन मरतो. जोडीदाराकडे पाहत चढावें लागतें. हा टप्पा एकट्यानें खेळण्यांत अर्थ नाहीं. ‘बाबा, दुसरा रिमोट तुम्ही धरा,’ असें चिरंजीव त्या काळीं म्हणत असत, आणि आमच्यापुढें उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असे. आज ते परदेशीं नोकरीस आहेत. त्या रिमोटची वायर अजून नवी आहे.

‘डक हंट’मधील बंदूक ही तर एक नजरबंदी आहे. बंदुकींतून कांहींच सुटत नाहीं. उलट तीच पाहते. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो, आणि नळींतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. नेम चुकला कीं गवतांतून कुत्रा वर येऊन हंसतो. त्याला गोळी घालतां येत नाहीं, हेंच त्या विनोदाचें मर्म.

आतां मुख्य अडचण. या नक्कलखोर कॅसेटांत कित्येक खेळांच्या आरंभींच्या पडद्यावरून मूळ कंपनीचें नांव पुसलेलें आहे. मूळ ‘मारिओ’ंतहि कर्त्यांची नामावळि नव्हतीच. येथें उरलेला धागाहि तुटला. एका पिढीनें हीं पुस्तकें मुखपृष्ठ फाडून वाचलीं. ओवी निनांवी असते, पण ती गाणारीनें आपली केलेली असते; हे खेळ मात्र उघड चोरीचे होते. तरीहि चोर नसता तर यांतलें कांहीं पापडीच्या किंवा नालासोपाऱ्याच्या मुलांपर्यंत पोंचलें असतें काय? मध्यमवर्गीय घराच्या ऐपतींत बसली ती नक्कलच. चोरीचें समर्थन आमच्यानें होत नाहीं, आणि चोराला शाप देण्यासहि जीभ वळत नाहीं. आमच्या हातीं आहे तें एवढेंच, कीं उशिरां कां होईना, मियामोतो, कोंदो, उएमुरा हीं नांवें मराठींत लिहून ठेवावीं.

आणि हें लौकर केलें पाहिजे. आमचा टीव्ही दुरुस्तीस येणारा गृहस्थ म्हणतो कीं नळी गेली तर दुसरी मिळणार नाहीं. आम्हीं ती बंदूक शेजाऱ्यांच्या नव्या चपट्या टीव्हीवर लावून पाहिली. त्या पडद्यावर चित्र किंचित् उशिरां उमटतें. बंदुकीला नेमक्या क्षणीं चौकोन दिसत नाहीं. बदकें निर्धास्त उडत राहिलीं, आणि कुत्रा प्रत्येक वेळीं हंसला.