ग्योझ: तीन हिवाळ्यांची बिअर

ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येच्या पायोटनलांड या खेडवळ पट्ट्यातली ग्योझ बिअर पहिल्या घोटाला दचकवते. जाड काचेच्या बाटलीचं बूच उडतं, फेस उसळतो, आणि नाकाशी येतो तो ओल्या गवताचा, चामड्याचा, चक्क तबेल्याचा वास. जिभेवर आंबटपणा धारदार उतरतो. तो चिंचेसारखा गोडसर नसतो, लिंबाच्या सालीजवळचा कोरडा, तुरट असतो. कडवटपणा जवळजवळ नाहीच. घोट गिळल्यावर मात्र लाकडाची एक खोल चव बराच वेळ रेंगाळते, आणि माझ्या मते ग्योझची खरी श्रीमंती तिथेच आहे.

ही चव येते लॅम्बिकमधून. मोड आणलेलं जव आणि तीसेक टक्के कच्चा गहू यांचा काढा हॉप्स घालून तासन्‌तास उकळतात. हॉप्स मुद्दाम जुने, वर्षानुवर्षं साठवलेले. त्यांचा कडूपणा गेलेला असतो, बिअर टिकवण्याचा गुण उरलेला असतो. मग तो काढा माळ्यावरच्या पसरट, उथळ हौदात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. हवेतले आणि वास्तूतले जंतू आपणहून उतरतात, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं. सकाळी काढा लाकडी पिंपांत जातो. तिथे एकामागून एक जंतूंच्या पिढ्या कामाला लागतात: काही आंबटपणा आणतात, आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस नावाचं संथ यीस्ट उरलीसुरली साखर चघळत तो तबेल्याचा वास देतं.

पण लॅम्बिक म्हणजे अजून ग्योझ नव्हे. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळून ती बाटलीत भरतात. कोवळ्या लॅम्बिकमधल्या साखरेमुळे बाटलीत पुन्हा आंबवण होते आणि बुडबुडे येतात. जुनी लॅम्बिक खोली देते. प्रत्येक पिंपाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे मिसळणाऱ्याला पिंपापिंपातून चाखत फिरावं लागतं. प्रमाण कागदावर ठरत नाही, जिभेवर ठरतं. बिअर गाळण्याइतकीच, किंबहुना त्याहून मोठी कला ही मिश्रणाची आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि या मिश्रणाला लागणारा काळ घाईने भरून काढता येत नाही. बीर्सेलच्या ड्री फोंटेनन या ग्योझ बनवणाऱ्या घराण्यात 2009 साली थर्मोस्टॅट बिघडला, उष्णतेने हजारो बाटल्या वाया गेल्या. दुसऱ्या बिअरचं असं नुकसान काही आठवड्यांत भरून निघालं असतं. इथे तीन वर्षांची लॅम्बिक पुन्हा मिळायला तीन वर्षंच लागतात. तिथल्या आर्मां डेबेल्डर यांनी खराब झालेली बिअर ऊर्ध्वपातित करून तिचं मद्य केलं आणि धंदा सावरला.

ब्रसेल्सच्या आन्डरलेख्त भागात 1900 साली सुरू झालेली कांतियों ब्रुअरी आजही याच पद्धतीने चालते, आणि तिथलं संग्रहालय पाहुण्यांना हौद आणि पिंपं दाखवतं. बाजारात साखर घालून गोड केलेल्या फळांच्या लॅम्बिकही भरपूर मिळतात. त्या प्यायला सोप्या, पण काळाची चव त्यांत साखरेखाली दबून जाते.

बाटली निवडताना लेबलावर ‘औदे ग्योझ’ आहे का, ते पाहा. ही पारंपरिक पद्धत युरोपियन संघाने नियमांत बांधली आहे. फार गार करू नका, पेल्यात हळू ओता, आणि निदान तिसऱ्या घोटापर्यंत मत बनवू नका.