ऊस, भुयार आणि मोजदाद

वसमतजवळच्या आमच्या रानात ऊस डोक्यावर गेला, की आजी आम्हा पोरांना आत शिरू देत नसे. भुताचं भय तिनं कधी घातलं नाही. उसात गेलेल्याची हाक बांधापर्यंत येत नाही, एवढंच ती सांगे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) पाहताना मला ते आठवलं. मोजकी पात्रं, एक घर, भोवती ऊस. एवढ्या भांडवलावर हा चित्रपट उभा आहे. पूजा सावंतची गरोदर नेहा सावकारी तगाद्यापासून लपायला तिथं येते आणि उषा नाईकांची तुळसाबाई तिला प्रेमानं जेवू घालते. भीती त्या जेवू घालण्यातच आहे. मुलगी नको म्हणणारी बाई इथं राक्षसीण नाही. आपल्या ओळखीतली आहे.

फुरिया यांनीच याचा हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) केला. त्याचा उत्तरभाग ‘छोरी २’ एप्रिल २०२५मध्ये आला, आणि माझी तक्रार आहे ती या भागाबद्दल. आता साक्षीची लेक इशानी पळवली जाते. जमिनीखाली भुयारांचं जाळं, त्यात एक पंथ, पंथाला म्होरक्या, आणि त्याची सेवेकरी दासी माँ (सोहा अली खान). उत्तरभागाला पहिल्यापेक्षा मोठं काहीतरी दाखवावं लागतं, हे मान्य. अमेरिकेतही स्टीफन किंगच्या एका छोट्या कथेवरून १९८४ साली मक्याच्या शेतातल्या बालपंथाचा चित्रपट निघाला आणि मग त्याच्या उत्तरभागांची रांग लागली. पण इथं मोठं करताना मूळ गोष्ट हातची निसटली. घरातली रीत भुयारात गेली, तिला वेश आणि विधी मिळाले, आणि आपण प्रेक्षक सुटलो. असल्या पंथात आपण थोडेच आहोत!

प्रत्यक्षात हा व्यवहार भुयारात झालाच नाही. तो उजेडाच्या खोलीत, यंत्राच्या पडद्यासमोर झाला. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१च्या ९१३वरून २०११ साली ८९४वर आली. आमच्या मराठवाड्यातल्या बीडमध्ये ती ८०७ होती. या आकड्यांमागे म्होरक्या नाही. सोनोग्राफीची चिठ्ठी आहे, उसतोडीला जाणारी जोडपी आहेत, हुंड्याचा हिशेब आहे. (उसतोडीतली बाई या तिन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी नाही, हेही नोंदवतो. ऊस आहे, कोयता नाही.)

सोहा अली खानचं काम वाईट नाही. भुयाराची रचनाही मेहनतीनं केलेली आहे, आणि उन्हाचा त्रास असलेली इशानी अंधारातच अडकते ही कल्पना चांगली. तिच्यावर अधिक थांबायला हवं होतं. पण दोन तासांत मी एकदाही दचकलो नाही.

दचकलो तो नंतर. चित्रपट संपवून ओसरीवर आलो, तेव्हा मोजणीसाठी आलेला एक माणूस शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत होता, ‘आजोबा, लेकरं किती?’

‘दोन,’ म्हातारा म्हणाला. मग थोडं थांबून, ‘आन् तीन पोरी.’