थोरांची खिडकी, मुलांचा पहाड

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील कित्येक मराठी घरांत आजी मराठी वाचते, तर नातवंडे हिंदी. दोघांनाही एकत्र आणील असे पुस्तक कोणते, या प्रश्नाला उत्तर म्हणून याच नगरात राहून लिहिलेल्या विनोदकुमार शुक्ल यांच्या दोन कादंबऱ्या सुचवाव्याशा वाटतात. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७) ही साहित्य अकादेमीने १९९९ मध्ये गौरविलेली कृती थोरांची. ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’ (२०११) ही मुलांची. परंतु हा भेद नावापुरताच होय. पहिलीतील गणिताचे अध्यापक रघुवरप्रसाद हत्तीवरून महाविद्यालयात जातात. दुसरीतील बोलू चालत असतानाच बोलतो. दोहोंतही अद्भुत हे नित्याच्या जगण्याला लागूनच उभे असते, आणि लेखक त्याचा खुलासा करीत बसत नाही.

अनुवादकाची कसोटी लागते ती येथेच. सुबोधतेच्या हौसेने जो खुलासा घालील, तो ही खिडकीच बुजवील. दुसऱ्या कृतीत कथानकाची वीण सैल आहे, हे मान्य केलेच पाहिजे. उत्कंठेसाठी वाचणारा मुलगा मध्येच कंटाळेल. त्याला ती मोठ्याने वाचून दाखवावी. शुक्लांच्या वाक्याची लय डोळ्यांपेक्षा कानांना अधिक लवकर उमगते.