कोर्लईची प्रार्थना : सत्तांतरानंतरची ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी समीक्षेची चौकट

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना समीक्षेने प्रामुख्याने एकच प्रश्न विचारलेला आहे : अमुक व्यक्तीने ख्रिस्ती धर्म का स्वीकारला? बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र घेतले, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता घेतली किंवा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेतली, तरी चर्चेचा रोख धर्मांतराच्या क्षणाकडे वळतो. त्या क्षणापूर्वीची घालमेल, नातेवाइकांचा विरोध, बाप्तिस्मा आणि त्यानंतरचे तुटलेपण या क्रमानेच श्रद्धेची कथा वाचली जाते. हा क्रम चुकीचा नाही, कारण या लेखकांचे आयुष्यच त्या क्रमाने घडले. पदमनजींनी १८५४ साली आणि टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून. परंतु या चौकटीत श्रद्धा ‘स्वीकारणे’ दिसते, श्रद्धा ‘धरून ठेवणे’ दिसत नाही. ज्या समाजाने काही पिढ्यांपूर्वी स्वीकारलेला धर्म, तो धर्म मानणारी सत्ता निघून गेल्यानंतर, भीतीच्या व अनिश्चिततेच्या काळात टिकवला, त्याच्यासाठी मराठी समीक्षेकडे जवळजवळ शब्दच नाहीत. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोर्लई हे गाव ही उणीव स्पष्ट करते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कुंडलिका नदीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई. रेवदंड्याच्या तटबंदीत पोर्तुगिजांचे चौल वसलेले होते. निजामशाहीच्या परवानगीने १५२१ साली तेथे किल्ला उभा राहिला, १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीचा वेढा त्याने सोसला आणि १५९४ साली पोर्तुगिजांनी नदीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही जिंकून घेतला. वसई ही राजधानी असलेल्या त्यांच्या ‘उत्तर प्रांता’तील चौल हे महत्त्वाचे बंदर होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. पुढच्याच वर्षीच्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज निघून गेले.

मराठी वाचकाला या घटना परिचित आहेत, पण विजयाची कथा म्हणून. साष्टीची बखर असो वा य. न. केळकर यांचा ‘वसईची मोहीम’ (१९३७) हा ग्रंथ असो, त्यांचा विषय मोहीम हाच आहे आणि मोहीम संपते तेथे कथाही संपते. यात दोष काढण्याचे कारण नाही. बखरीने बखरीचे काम केले. मात्र किल्ल्याच्या पायथ्याशी जे लोक मागे राहिले, त्यांची कथा त्याच ठिकाणी सुरू होते आणि ती कोणत्याही बखरीत नाही.

जे. क्लान्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार कोर्लईच्या ख्रिस्ती समाजाचे पूर्वज चौलच्या वसाहतीतील खालच्या थरांतले होते. त्यांत धर्मांतरित कष्टकरी होते, गुलाम होते, शिपायांची स्थानिक कुटुंबेही होती. ज्यांच्यापाशी साधने होती ते गेले. ज्यांच्यापाशी नव्हती ते राहिले. ‘श्रद्धेसाठी सर्वस्वाचा त्याग करणारा समाज’ असे चित्र रंगवण्याचा मोह येथे होऊ शकतो, म्हणून ही नोंद महत्त्वाची. कोर्लईकर राहिले, कारण जाण्याचा मार्ग बहुधा त्यांना उपलब्ध नव्हता. त्यांची श्रद्धा हुतात्म्याची नव्हे, मागे उरलेल्याची आहे. समीक्षेला हुतात्म्याविषयी बोलणे सोपे जाते; मागे उरलेल्याविषयी बोलणे तितके सोपे नाही.

भयाचे स्वरूप

ही भीती नेमकी कशाची होती, हेही नीट तपासले पाहिजे. मराठ्यांनी सरसकट धर्मच्छळ केला असे म्हणायला आधार नाही. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला उपासनेची मुभा होती. आँकेतिल द्यू पेरों हा फ्रेंच अभ्यासक १७६० साली साष्टीत फिरला, तेव्हा मराठ्यांच्या अमलात ख्रिस्ती उपासना उघडपणे चालू असलेली त्याला दिसली. उलट, पोर्तुगीज सत्तेच्या काळात धर्माच्या नावाने जी सक्ती झाली, तिची साक्ष गोव्याचे धर्मन्यायपीठ (१५६०-१८१२) देते. मागे उरलेल्या ख्रिस्ती माणसापुढचा पेच यातूनच निर्माण होतो. त्याचा धर्म कालपर्यंत राज्यकर्त्यांचा धर्म होता आणि शेजाऱ्यांच्या आठवणीत तो सक्तीशी जोडलेला होता. आता राज्यकर्ते गेले, धर्म उरला. नव्या अमलात आपल्याला कोणी मारील की नाही, या भीतीपेक्षा ‘आता आपण कोणाचे?’ ही अनिश्चितता अधिक खोल असणार.

तिची बाह्य चिन्हे आजही पाहता येतात. कोर्लईच्या किल्ल्यावरील बुरुजांना संतांची नावे होती. मराठा अमलात ती बदलली. रेवदंड्यात फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा ‘सातखणी’ या मराठी नावाने अवशेषरूपात उभा आहे. मठ कोणत्या संताचा, हे सामान्य पर्यटकाला ठाऊक नसते. वसई मोहिमेनंतर चर्चच्या घंटा मंदिरांत गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली येथे त्या अजून आहेत आणि मराठी माणूस त्यांकडे विजयाची खूण म्हणून अभिमानाने पाहतो. ज्यांच्या उपासनेची वेळ त्या घंटा सांगत असत, त्यांना त्या गेल्यावर काय वाटले असेल, असा प्रश्न एखाद्या मराठी कादंबरीकाराला पडायला हवा होता. (किनाऱ्यावरच्या इतिहासावर आपल्याकडे कादंबऱ्या कमी लिहिल्या गेलेल्या नाहीत.)

श्रद्धा की भाषा?

कोर्लईकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते धर्मामुळे नव्हे, भाषेमुळे. येथील ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीजवर आधारलेली एक मिश्रभाषा बोलतात. ते स्वतः तिला ‘नो लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतबाहेर. क्लेमेंट्स यांचा ‘द जेनेसिस ऑफ अ लँग्वेज’ (१९९६) हा या भाषेचा सर्वांत सविस्तर अभ्यास आहे. पोर्तुगीज सत्ता जाऊन अडीच शतके लोटल्यावरही ही भाषा कशी टिकली, याचे त्यांनी दिलेले उत्तर सामाजिक आहे : धर्मामुळे हा समाज हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळा राहिला आणि जातीमुळे इतर ख्रिस्ती लोकांपासूनही वेगळा राहिला. या दुहेरी वेगळेपणाच्या कुंपणात भाषा जगली.

हे विवेचन पटण्यासारखे आहे. जात ख्रिस्ती धर्मातही शिरली, एवढेच नव्हे तर एका भाषेच्या रक्षणाला ती कारणीभूत ठरली, ही गोष्ट अस्वस्थ करणारी असली तरी नाकारता येत नाही. मात्र साहित्याच्या अभ्यासकाला या मांडणीत एक पोकळी जाणवते. येथे श्रद्धा हे भाषा टिकण्याचे ‘कारण’ आहे. श्रद्धा स्वतः कशी टिकली, हा प्रश्न विचारलेलाच नाही. भिंत उभी होती म्हणून आतला दिवा विझला नाही, असे म्हटल्यावर दिव्यात तेल कोण घालत होते, ते सांगायचे उरतेच.

या प्रश्नाचे उत्तर मौखिक परंपरेत शोधावे लागते. कोर्लईत भाषेचे दोन थर होते. रोजच्या बोलण्याची मिश्रभाषा हा एक. आणि पाठ केलेल्या प्रार्थनांची, धर्मगुरूच्या तोंडून ऐकलेली, अधिक जुन्या वळणाची पोर्तुगीज हा दुसरा. पहिल्या थरावर मराठीचा परिणाम इतका झाला, की वाक्यातले क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी गेले. शब्द पोर्तुगीज, पण त्यांची बांधणी मराठी. दुसरा थर मात्र बदलू दिला गेला नाही, कारण प्रार्थना ही बोलण्याची नव्हे, म्हणण्याची गोष्ट असते. तिचा प्रत्येक शब्द समजलाच पाहिजे असे नसते. तो जसाच्या तसा पुढच्या पिढीला द्यायचा असतो. आजीने नातवंडाला ‘प्रभूची प्रार्थना’ शिकवताना व्याकरण शिकवलेले नसते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. न समजता म्हटलेली प्रार्थना ही श्रद्धा की नुसती सवय? एकोणिसाव्या शतकातील मिशनरी विचाराने, आणि त्याच्या प्रभावाखाली पदमनजींनीही, सवयीच्या धर्मावर टीकाच केली. कळून-सवरून, पवित्र शास्त्र वाचून स्वीकारलेली श्रद्धा हीच खरी, असा त्यांचा आग्रह होता आणि मराठी समीक्षेने तो निकष नकळत उचलला. परंतु हा निकष ज्यांच्या हातात ग्रंथ आहे त्यांचा आहे. अठराव्या शतकातील कोर्लईकराच्या हातात ग्रंथ नव्हता. भीतीच्या काळात त्याच्यापाशी होते ते पाठांतर, सणवार, माउंट कार्मेलच्या मातेच्या नावाचे चर्च आणि गोव्याकडून येणाऱ्या धर्मगुरूची वाट पाहणे. वारकऱ्याने पिढीजात हरिपाठ म्हटला तर त्याला कोणी ‘नुसती सवय’ म्हणत नाही. हाच न्याय कोर्लईच्या प्रार्थनेला लावण्यास हरकत नसावी.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) या संदर्भात आठवते. साष्टीतील, म्हणजे गोव्यातल्या साष्टी प्रदेशातील नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काही तरी हवे होते. ती गरज या ओवीबद्ध ग्रंथाने भागवली. त्याच्या सतराव्या शतकातील छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी हस्तलिखितांच्या रूपाने तो घराघरांत व चर्चमध्ये वाचला जात राहिला; १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला, तो या हस्तलिखितांच्या आधारे. मराठी समीक्षेने ‘ख्रिस्तपुराणा’ला मानाचे स्थान दिले, ते मुख्यतः स्टीफन्सच्या मराठीस्तुतीमुळे. ज्या अनामिक लोकांनी ते हाताने उतरवून जगवले, त्यांचा उल्लेख ओघात येतो आणि जातो. कोर्लईच्या बाबतीत तर उतरवण्यासारखा ग्रंथही नव्हता.

गीतांचा पुरावा

कोर्लईत गायल्या जाणाऱ्या एका गीतात मारिया मॅग्दालेनाचा उल्लेख येतो. रूपवती, दोषी ठरवली गेलेली आणि तरी नावानिशी आठवली जाणारी ही स्त्री एखाद्या छोट्या समाजाच्या गीतात टिकून राहते, ही गोष्ट सहज घेण्यासारखी नाही. शुभवर्तमानातील मॅग्दालेना ही इतर शिष्य पांगल्यानंतर क्रुसाजवळ आणि पुढे कबरीजवळ थांबलेली स्त्री आहे. गीतात हा भाग असेलच असे नाही, आणि गाणाऱ्यांच्या मनात तो असतो असा दावाही करता येणार नाही. लोकगीतावर शास्त्राचा अर्थ लादणे हा समीक्षेचा जुनाच दोष आहे. पण सर्व निघून गेल्यावर थांबलेल्या लोकांनी थांबलेल्या स्त्रीचे नाव गाण्यात ठेवले, एवढी नोंद करायला हरकत नाही.

या गीतांचा अभ्यास आजवर ध्वनी, प्रत्यय आणि शब्दक्रम यांसाठी झाला. त्यांची रचना, त्यांतील भाव, ती केव्हा व कोणी गायची, याचा विचार मराठीतून होणे बाकी आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठी साहित्यात आपली जागा स्वतः मिळवली. ‘सुवार्ता’ मासिकासारखे व्यासपीठ, ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आलेले अध्यक्षपद ही त्याची ठळक उदाहरणे. वसईची मातृभाषा मराठीच्याच बोली असल्याने हा प्रवास शक्य झाला. कोर्लईची घरातली भाषा वेगळी. त्यामुळे तिचे लोक मराठीचे शेजारी असूनही मराठी साहित्याच्या नकाशाबाहेर राहिले.

दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) झाल्यानंतर लोकभाषेत उपासना करण्याची मोकळीक मिळाली आणि कोर्लईच्या चर्चमध्येही मराठी आली. दोन शतकांहून अधिक काळ जी प्रार्थना जशीच्या तशी सांभाळली, तिची भाषा एका पिढीत बदलली. श्रद्धा भाषेवरच उभी असती, तर या बदलात ती डळमळायला हवी होती. तसे घडलेले दिसत नाही. आजची अनिश्चितता श्रद्धेपुढे नाही, ‘नो लिंग’पुढे आहे : शाळा मराठी, उपासना मराठी आणि नोकरी मुंबईकडे. क्लेमेंट्स यांच्या मांडणीत धर्माने भाषेचे रक्षण केले होते. आता चर्चमधली मराठी प्रार्थनाच त्या भाषेचा एक आधार काढून घेते आहे. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंना सोवळेओवळे सोडावे लागले, पण मराठी सोडावी लागली नाही. कोर्लईकराला मात्र, मराठीत प्रार्थना म्हणताना, पूर्वजांनी भीतीच्या काळात ज्या शब्दांना धरून दिवस काढले ते शब्दच बाजूला ठेवावे लागले आहेत, आणि तसे करूनही तो त्याच चर्चमध्ये गुडघे टेकतो.