चाकांवरचा निवेदक

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार निवेदकाच्या शरीराविषयी सहसा मौन पाळतो. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये पायपीट आहे, तिचे क्लेशही आहेत, परंतु चालता येणे ही तेथे निवेदनाची पूर्वअट असल्यामुळे तिची स्वतंत्र नोंद होत नाही. पुढील काळातील आपल्या परदेशवर्णनांत तर पाहणारा डोळा तेवढा उरतो. त्याला वाहून नेणारा देह संहितेबाहेरच राहतो.

जॉन हॉकेनबेरी यांचे ‘मूव्हिंग व्हायोलेशन्स’ (१९९५) हे आत्मकथन ही पूर्वअट उघडी पाडते. १९७६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मोटार-अपघातात मज्जारज्जूला इजा झालेला हा अमेरिकन नभोवाणी-पत्रकार पुढे चाकांच्या खुर्चीतून जेरुसलेम, तेहरान अशा ठिकाणी वार्तांकन करीत हिंडला. शीर्षकातला शब्दप्रयोग वाहतुकीच्या नियमभंगाचा आहे. हलणे हाच गुन्हा, ही त्यातली कोटी मराठीत आणणे कठीण.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकमधील कुर्द निर्वासित तुर्कस्तानच्या सीमेवरील डोंगरांत लोटले. तेथे खुर्ची चालणे अशक्य. म्हणून ती मागे ठेवून निवेदक गाढवावर बसतो. या प्रसंगाचे रूढ वाचन धैर्याचे आहे, आणि मला ते अपुरे वाटते. पायांची पकड नसलेल्या स्वाराला प्रत्येक उताराशी हातांनी आणि धडाने झुंजावे लागते. साहजिकच डोंगर त्याला दृश्य म्हणून भेटत नाही, अडथळा म्हणून भेटतो. निसर्गवर्णनाचा संकेत येथे मोडतो, तो निवेदकाने ठरवून मोडलेला नसून देहस्थितीनेच मोडला आहे. शिवाय प्रवासी पाहतो आणि स्थानिक पाहिले जातात, हा या प्रकाराचा जुना करारही उलटतो. १९८९ साली खोमेनींच्या अंत्यविधीच्या गर्दीत खुर्चीवर बसलेला परदेशी वार्ताहर हा स्वतःच एक पाहण्याचा विषय असतो.

याच्या शेजारी कॅनडाच्या रिक हॅन्सन यांची १९८५ ते १९८७ या काळातील जगयात्रा ठेवून पाहावी. चौतीस देश, चाळीस हजारांहून अधिक किलोमीटर. मज्जारज्जूविषयक संशोधनासाठी उभा राहिलेला मोठा निधी. तिचे सामाजिक मोल निर्विवाद आहे. तथापि कथनाच्या दृष्टीने अंतर हेच तिचे आशयसूत्र होते, आणि देश टप्प्यांसारखे मागे पडत जातात. वीरकथेला रस्ता पुरतो. गाव लागतेच असे नाही. (आपल्याकडे ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणण्याच्या अलीकडच्या आग्रहातही हीच वीरकथा दडलेली आहे, अशी मला शंका येते.)

हॉकेनबेरी या सापळ्यातून बरेचसे सुटतात, पूर्णपणे नव्हे. गाढवाला मालक असतो, जिन्याखाली हात असतात. स्वावलंबनाची घोषणा उपशीर्षकातच करणारी संहिता या हातांना कितपत जागा देते, हा प्रश्न तिला विचारलाच पाहिजे. अमेरिकन वार्ताहराला मिळणारी मदत आणि त्याच डोंगरावर स्वतःच्या वृद्ध आईला पाठीवर घेऊन निघालेल्या एखाद्या निर्वासिताला न मिळणारी मदत यांतील अंतर निवेदकाच्या उपरोधाने भरून निघत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाचा भूगोल याहून कितीतरी लहान आहे. परंतु तेथे कुटुंबीय, मार्गदर्शक, सहकारी सतत कथनात येत राहतात, आणि खुर्चीच्या मागे कोण उभे आहे हे वाचकाला शोधावे लागत नाही.